६०४.३ या आकड्यावरचा माझा विश्वास

मास स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्यावर ६०४.३ उमटलं की पेप्टाइड तयार झालं, असं मी संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात धरून चालत होते. हा आकडा एका छोट्या कड्याचा आहे. आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, डी-फिनाइलॲलनिन आणि लायसिन ही पाच अमिनो आम्लं ओळीने जोडायची आणि मग शेवटचं टोक पहिल्याला जोडून ओळ बंद करायची. त्या रेणूचं वस्तुमान ६०३.३ भरतं, आणि त्यावर एक प्रोटॉन चढला की यंत्र ६०४.३ दाखवतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हा रेणू आणि त्याची भावंडं बनवत असे आणि पेशींवर काम करणाऱ्यांना कुपीत भरून देत असे. तेव्हा माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या सगळ्यात मोठ्या चुकांची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून हे लिहिते आहे.

हाच रेणू का, ते आधी सांगायला हवं. पेशी आपल्या भोवतीच्या प्रथिनांना धरून राहतात ते इंटेग्रिन नावाच्या ग्राहकांच्या जोरावर. यांतले बरेच इंटेग्रिन आर्जिनिन-ग्लायसिन-ॲस्पार्टिक आम्ल एवढा तीनच घटकांचा तुकडा ओळखतात. पेशींना चिकटायला एवढासा तुकडा पुरतो, हे पियर्शबाकर आणि रुओस्लाहटी यांनी १९८४ मध्ये दाखवलं. पण हा तुकडा सुट्या साखळीत असला तर लुळा असतो. कुठल्याही बाजूला वळतो, आणि रक्तातली विकरं त्याला लगेच तोडतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात होर्स्ट केसलर यांच्या गटाने तो पाच घटकांच्या कड्यात बसवला आणि त्यातला एक घटक मुद्दाम उलट्या हाताचा, म्हणजे डी प्रकारचा घेतला. कडं एका ठरावीक आकारात ताठ राहिलं आणि अल्फा-व्ही-बीटा-३ या इंटेग्रिनला कितीतरी घट्ट चिकटू लागलं. कर्करोगाच्या गाठीत नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांवर हा इंटेग्रिन भरपूर असतो. त्याच घराण्यातलं सिलेंगिटाइड मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेलं. रुग्णांचं आयुष्य त्याने वाढत नाही, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांतून स्पष्ट झालं. औषध म्हणून ते थांबलं, तरी संशोधनाचं साधन म्हणून हे कडं आजही सगळीकडे लागतं. लायसिनच्या मोकळ्या अमिनो गटाला किरणोत्सारी अणूची पकड बसवून पेट स्कॅनमध्ये गाठ शोधता येते, रंगद्रव्य लावून पेशी पाहता येतात.

साखळी बनवणं अवघड नाही. रेझिनच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल चढवायचं, धुवायचं, पुढचं चढवायचं. ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९८४ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. खरी परीक्षा नंतर असते. साखळी मण्यांवरून सोडवायची, बाजूचे सगळे गट झाकलेलेच ठेवायचे आणि मोकळी राहिलेली दोन टोकं द्रावणात एकमेकांना जोडायची.

पाच घटकांचं कडं पाच ठिकाणी बंद करता येतं. कुठे बंद करायचं, हा निर्णय पहिलं अमिनो आम्ल रेझिनवर चढवतानाच झालेला असतो. मी तो निर्णय फ्रीज उघडून घेतला. डी-फिनाइलॲलनिन आधीच चढवलेलं रेझिन कुणाच्या तरी कामातून उरलं होतं, महाग होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून तेच घेतलं. म्हणजे साखळीच्या आम्लाच्या टोकाला तेच आलं. आता हे टोक जोडण्यासाठी सक्रिय केलं की शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल होतो, आणि तो सुटून परत बसताना उलट्या बाजूने बसू शकतो. डीचं एल होतं. वस्तुमानात तसूभरही फरक पडत नाही. मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसीवर मला दोन पीक दिसले, दोन्हींचा मास ६०४.३. मोठा पीक माझा, असं मी ठरवलं.

नंतर एका वरिष्ठांनी विचारलं, "मोठा म्हणजे बरोबर, हे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दोन्ही नमुने ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर उकळून सुटे केले, मार्फेचं अभिकर्मक लावून डी आणि एल वेगळे मोजले. मोठा पीक खरोखरच डीचा निघाला. पण हे मी कुपी देण्याआधी तपासायला हवं होतं. शिवाय ग्लायसिन टोकाला ठेवलं असतं तर हा प्रश्न उभाच राहिला नसता, कारण ग्लायसिनला डावं-उजवं नसतंच, त्यामुळे बिघडायला काही नाही. ॲस्पार्टिक आम्लापासून सुरू होऊन ग्लायसिनपाशी संपणारी साखळी घेतली की डी-फिनाइलॲलनिन मधल्या भागात येतं, साखळीला वळण देतं आणि टोकं जवळ आणतं. ही गोष्ट छापील लेखांमध्ये होती, मी ती वाचलीही होती. उरलेलं रेझिन संपवण्याच्या नादात तिला महत्त्व दिलं नाही.

दुसरी चूक घाईची. कडं बंद होण्याची क्रिया हळू चालते. संध्याकाळपर्यंत साखळी तशीच दिसली की मी एचएटीयू आणखी घालायचे. हे अभिकर्मक आम्लाचं टोक सक्रिय करतं, म्हणून जास्त घातलं की जास्त जोर, असा माझा हिशेब. पण आम्लाची सगळी टोकं सक्रिय होऊन गेल्यावर उरलेलं एचएटीयू स्वस्थ बसत नाही. ते सरळ अमिनोच्या टोकावर जाऊन तिथे ग्वानिडिनचं टोपण बसवतं. मग ती साखळी कधीच बंद होत नाही. झाकणारे गट उतरवल्यावर यंत्रावर ७२० दिसायचं, म्हणजे मोकळ्या साखळीपेक्षा ९८ जास्त, आणि मी ते कसलातरी क्षार धरून सोडून द्यायचे. ९८ चा अर्थ कळल्यावर मी पायबॉप वापरायला लागले. ते फॉस्फोनियम प्रकारातलं असल्याने असं टोपण बसवत नाही. ॲसेटिक आम्ल वापरून साखळी सोडवली आणि ते नीट उडवलं नाही, तर तेच आम्ल सक्रिय होऊन अमिनोला चिकटतं आणि ४२ वाढतात, हेही त्याच सुमारास शिकले. पण या चुकांना निदान वेगळा आकडा होता. कुणी लक्ष दिलं तर त्या दिसत होत्या.

जी दिसली नाही, तिच्याकडे येते.

सुरुवातीचा माल मी थोडा बनवला होता. १०० मिलिग्रॅम साखळी, तिच्यासाठी सुमारे १०० मिलिलिटर डीएमएफ हे द्रावक, म्हणजे एक मिलिमोलर. पुस्तकं सांगतात तितकं पातळ. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये हात पुढे केला तर तो शेजाऱ्याला आधी लागतो. साखळ्यांचंही दाट द्रावणात तसंच होतं. एकीचं टोक स्वतःच्या दुसऱ्या टोकाला भेटण्याआधी शेजारणीला जुळतं, मग दोघी मिळून दहा घटकांचं दुप्पट कडं बंद होतं. हे टाळायचं तर द्रावण पातळ ठेवायचं, किंवा साखळी पंपाने थेंबाथेंबाने सोडायची.

पेशींवर काम करणाऱ्या मॅडमना पहिल्या कुपीने छान निकाल दिले. व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनाचा थर दिलेल्या प्लेटवर ग्लायोमाच्या पेशी बसवायच्या आणि पेप्टाइडने त्यांचं बसणं किती रोखलं जातं ते पाहायचं, असा त्यांचा प्रयोग. त्यांनी आणखी माल मागितला, बराच जास्त. एक ग्रॅम साखळीला एक लिटर डीएमएफ लागणार होतं. ते उकळून उडवायला वेळ लागतो, त्याची वाफ चांगली नाही, उरलेल्याची विल्हेवाट लावणं कटकटीचं. मी शंभर मिलिलिटरमध्येच काम उरकलं. दहापट दाट. यंत्र लावलं, ६०४.३ आलं. एचपीएलसीवर पीकला एक खांदा होता. त्याआधी मी प्रोलिन असलेल्या पेप्टाइडांवर काम केलं होतं, तिथे एकाच रेणूची दोन रूपं हळूहळू अदलाबदल करत असल्याने असा खांदा येतो. इथे प्रोलिन नव्हतं. तरी जुनं स्पष्टीकरण मी तसंच नव्या ठिकाणी चिकटवलं आणि कुपी दिली.

नव्या कुपीचे आकडे जुन्यांशी जुळेनात. मॅडमनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीने पेशी बदलल्या, नवा साठा वितळवला, व्हिट्रोनेक्टिनची नवी बाटली फोडली, मॅग्नेशियमचं प्रमाण तपासलं, कारण इंटेग्रिनला धातूचे आयन लागतात. त्या दोनदा मला विचारायला आल्या. दोन्ही वेळा मी म्हटलं, "मॅडम, मास अगदी बरोबर आहे, मी दाखवते." आणि दाखवला. माझ्या शब्दावर त्यांनी पेप्टाइडवरची शंका मागे घेतली आणि स्वतःच्या कामात चूक शोधत राहिल्या.

उलगडा झाला तो दुसऱ्याच कामासाठी नमुना चांगल्या क्षमतेच्या यंत्रावर लावला तेव्हा. दुप्पट कड्याचं वस्तुमान १२०६.६. त्यात दोन आर्जिनिन आणि दोन लायसिन, म्हणून त्यावर दोन प्रोटॉन सहज बसतात. आणि यंत्र वस्तुमानाला भाराने भागून दाखवतं. १२०६.६ मध्ये दोन प्रोटॉन मिळवा आणि दोनाने भागा. ६०४.३. एकेरी कड्याचा आणि दुप्पट कड्याचा आकडा एकच. फरक असतो तो शेजारच्या बारीक रेघांमध्ये. कार्बन-१३ मुळे येणाऱ्या रेघा एकेरी भार असेल तर एक-एकाच्या अंतरावर पडतात, दुहेरी असेल तर अर्ध्या-अर्ध्याच्या. आमच्या रोजच्या यंत्रावर त्या एकमेकींत मिसळून जात. नव्या यंत्रावर त्या अर्ध्याने सरकलेल्या स्वच्छ दिसल्या. शिवाय ४०३.२ वर एक पीक होता, दुप्पट कड्यावर तीन प्रोटॉन चढल्याचा. एकेरी कड्यापासून ४०३.२ निघूच शकत नाही. मी जुन्या छापील कागदावर पाहिलं, तिथेही ४०३ होतं. लहान होतं, पण होतं.

पेप्टाइड रसायनात हा प्रश्न अगदी जुना आहे, याची खंत मला जास्त वाटते. ग्रामिसिडिन एस हे प्रतिजैविक १९४२ मध्ये सोव्हिएत संघात गाउझे आणि ब्राझ्निकोव्हा यांना सापडलं. त्यातल्या पाच अमिनो आम्लांचा क्रम पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये कळला, पण कडं पाचाचं की तोच क्रम दोनदा येणारं दहाचं, हे नुसत्या क्रमावरून ठरत नव्हतं. ते दहाचं निघालं. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये श्वायझर आणि झीबर पाच घटकांची साखळी बंद करायला गेले, तेव्हा दोन साखळ्या एकत्र येऊन नेमकं ग्रामिसिडिन एस तयार झालं. हा इतिहास मी विद्यार्थ्यांना शिकवला होता.

यापुढची गोष्ट सांगायला मला सगळ्यात जड जातं. ४०३ दिसल्यावर मी मॅडमकडे गेले नाही. पुन्हा पातळ द्रावणात माल बनवायचा, जुनी कुपी "थोडी जुनी झाली" म्हणून परत घ्यायची आणि नवी द्यायची, असं मी मनाशी ठरवलं आणि कामाला लागलेही. नवा माल तयार होत असताना त्यांच्या विद्यार्थिनीने विभागाच्या बैठकीत तिचे निकाल मांडले. पेशींचा साठा बदलला की या इंटेग्रिनचं वागणं बदलतं, असा तिचा अंदाज होता. तिने त्यासाठी पुढच्या प्रयोगांची आखणीही केली होती. मी मागच्या रांगेत बसले होते. ती जे समजावून सांगत होती, ते माझ्या कुपीतल्या भेसळीचं स्पष्टीकरण होतं, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

बैठक संपल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले आणि दोन्ही कागद समोर ठेवले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. रागावल्या नाहीत. एकच विचारलं, "तुझ्या बाकीच्या कुप्यांचं काय?"

त्या प्रश्नामुळे मी माझ्या जुन्या नोंदवह्या काढल्या. ज्या ज्या कड्याला मी फक्त मास पाहून पास केलं होतं, ती सगळी पुन्हा तपासायला घेतली.

पहिली गोष्ट सापडली ती वजनाची. शुद्धीकरण करताना एचपीएलसीच्या द्रावणात ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्ल असतं. आर्जिनिन आणि लायसिन त्याला धरून ठेवतात. वाळवल्यावर मिळणारी पांढरी भुकटी म्हणजे नुसतं पेप्टाइड नसून त्याचा क्षार असतो. दोन रेणू आम्ल धरलं असेल तर, सरासरी वस्तुमानाच्या हिशेबाने, ८३१.७ भाग भुकटीत पेप्टाइड ६०३.७ भाग. एक मिलिग्रॅम मोजली तर हातात ०.७३ मिलिग्रॅम. मी ६०३.७ हा आकडा धरून सगळ्यांना सांद्रता सांगत आले होते. म्हणजे दुप्पट कड्याची भेसळ नसलेल्या कुप्यांमध्येही आकडा फुगलेलाच होता. शिवाय हे आम्ल काही पेशींच्या वाढीवर स्वतःच परिणाम करतं, त्यामुळे पेशींसाठीचा माल ॲसेटेट किंवा क्लोराइडच्या रूपात बदलून द्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. बाहेरच्या एका गटासाठी मी आठ घटकांचं कडं बनवलं होतं, रेझिनवरच बंद केलेलं. त्यात ॲस्पार्टिक आम्लाशेजारी ग्लायसिन होतं. साखळी बंद झाली की पाण्याचा एक रेणू जातो, वस्तुमान १८ ने घटतं. १८ घटलं होतं, म्हणून मी कडं झालं असं लिहिलं होतं. पण ॲस्पार्टिक-ग्लायसिन या जोडीवर, दर टप्प्याला अमिनोचं झाकण काढायला वापरलं जाणारं पायपरिडिन पुन्हा पुन्हा पडलं की ॲस्पार्टिक आम्लाची बाजूची फांदी कण्यालाच जाऊन चिकटते. त्याला ॲस्पार्टिमाइड म्हणतात, आणि त्यातही नेमके १८ च घटतात. वहीत माझीच नोंद होती: कैसर चाचणीत मण्यांवर फिकट निळा रंग. निळा रंग म्हणजे मोकळा अमिनो गट शिल्लक. कडं पूर्ण बंद झालं असतं तर मोकळं अमिनो टोक उरलंच नसतं. त्या नोंदीपुढे मी लिहिलं होतं, "अभिकर्मक जुनं."

फ्रीझरमध्ये त्या मालाचा थोडा नमुना होता. त्यात लायसिन नव्हतं, त्यामुळे परीक्षा सोपी होती. ॲसेटिक अनहायड्राइड घातलं. कडं असतं तर काहीच व्हायला नको होतं. ४२ वाढले. माझ्या कुपीत जवळजवळ सगळी उघडी साखळी होती.

त्या गटाने ते पेप्टाइड आपल्या प्रथिनावर तपासलं होतं, काहीच परिणाम दिसला नव्हता, आणि कड्याचा उपयोग नाही असं ठरवून त्यांनी तो रस्ता सोडला होता. पण ते कडं त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. मी त्यांना सगळं लिहून कळवलं. मग ग्लायसिनच्या नायट्रोजनवर डायमिथॉक्सिबेन्झिलचा आडोसा ठेवून साखळी नव्याने बांधली, म्हणजे ॲस्पार्टिमाइड होण्याची जागाच बंद झाली. कडं बंद केलं, अनहायड्राइड घालून पाहिलं, तुकडे करून पाहिलं, आणि पाठवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. ज्या विद्यार्थ्याने काम केलं होतं तो प्रबंध देऊन गेला होता, अनुदान संपलं होतं. नमुना ठेवून घेतो, म्हणाले.

मोठी कडी आता वेगळ्या वाटेनेही बंद करता येतात. आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या गोकर्णाच्या शेंगांतून सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविद्यापीठात जेम्स टॅम यांच्या गटाने २०१४ मध्ये ब्युटलेज-१ नावाचं विकर वेगळं केलं. साखळीच्या शेवटी ॲस्पॅराजिन-हिस्टिडिन-व्हॅलिन ठेवलं की ते शेवटचे दोन घटक छाटतं आणि ॲस्पॅराजिन पहिल्या टोकाला जोडतं, पाण्यात आणि बाजूचे गट न झाकता. माझ्या पाच घटकांच्या कड्याला त्याचा उपयोग नाही, पण मोठ्या कड्यांसाठी मला ते फार मोलाचं वाटतं. तिथेही मी आधी उघडी साखळी आणि बंद कडं यांत फरक करणारी परीक्षा ठरवते, मग साखळी बांधायला घेते.

मॅडमच्या विद्यार्थिनीला मी शुद्ध एकेरी कडं दिलं, मोजलेल्या प्रमाणासह. ग्लायसिनच्या जागी ॲलनिन असलेलं, म्हणजे इंटेग्रिन ओळखणार नाही असं जोडीचं कडंही दिलं. तुलनेसाठी ते तिला पहिल्यापासूनच मिळायला हवं होतं. तिचे जुने आकडे परत आले. बाजूला काढलेलं दुप्पट कडंही तिने मागून घेतलं. त्यात इंटेग्रिन ओळखेल असा तुकडा दोनदा आहे, तर ते एका वेळी दोन ग्राहक धरू शकतं का, हे तिला पाहायचं होतं. पेशींच्या साठ्याबद्दलची तिची सगळी आखणी मात्र रद्द झाली.

वह्यांमधल्या दोन पेप्टाइडांचा निकाल लावता आला नाही. नमुने संपलेले आहेत आणि मासच्या जुन्या फाइली कमी क्षमतेच्या यंत्रावरच्या आहेत, त्यांत बारीक रेघा वेगळ्या होत नाहीत. ज्यांना ती दिली होती त्यांना मी तसं कळवलं आहे. एकाने पेप्टाइड पुन्हा बनवायला सांगितलं. दुसऱ्यांचं उत्तर आलेलं नाही.